फ्रेहाचं खमीर

भांडं बशांच्या जाळीत पालथं घातलेलं दिसलं आणि मी दारातच थबकले. डोळ्यावरची पट्टी त्याच सकाळी निघाली होती. डॉक्टर म्हणाले होते, काही दिवस सगळं जरा जास्तच स्वच्छ दिसेल, घाबरू नका. तसं ते दिसतच होतं. भिंतीचा पांढरा रंग अंगावर येत होता, सुनेच्या, नवालच्या, हनुवटीवरचा तीळ मला पहिल्यांदाच कळला, आणि जाळीतलं ते भांडं, जे मी कित्येक वर्षं मळकट हिरवं समजत होते, ते निळं होतं. चक्क निळं. लहानपणी ते निळंच होतं हे मग आठवलं. पण रंगाचं कौतुक करायला सवड कुणाला होती! भांडं पालथं म्हणजे रिकामं, आणि त्याचा तळ मी जन्मात पाहिला नव्हता. पावाला लागेल तेवढं खमीर काढायचं, उरलेल्या गोळ्यात पीठपाणी घालायचं, फडकं झाकायचं, हे यिम्मापासून, म्हणजे माझ्या आईपासून, चालत आलेलं. तळ उघडा पडू द्यायचा नाही.

"नवाल, ह्यातलं कुठे गेलं?"

"कशातलं, लल्ला?" नवाल वळून बघायला लागली. लल्ला म्हणजे बाई, इथे थोरल्या बाईला तसंच म्हणतात. "हां, ते होय! दवाखान्यात जाताना तुम्ही ते फ्रिजमध्ये ठेवून गेलात ना, मागून मी फ्रिज धुऊन काढला. वर करडं पाणी सुटलं होतं हो. आणि वास! अन्वर म्हणाला, फ्रिजमध्ये उंदीर मेलाय."

"अन्वर म्हणाला? माझा मुलगा असं म्हणाला?"

"आता रागावू नका. डॉक्टरांनी वाकायचं नाही, मळायचं नाही म्हणून बजावलंय. खाली गरम पाव मिळतो. आणि मळायचंच असेल तर खमिराची पुडी आणून देते, त्यात काय एवढं?"

"ते माझं नव्हतं, नवाल."

"मग कोणाचं होतं?"

"फ्रेहाचं."

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. पोरगी वाईट नाही. तिचा चेहरा उतरला, पण तोंडाने ती म्हणालीच, "त्या यहुदी बाई? अहो, त्या आता हयात तरी असतील का?"

मी भांडं उचलून सुलटं केलं आणि त्याच्यापुढे बसले. नवालला काय सांगणार? तिचा जन्म ह्या नव्या शहरातल्या चौथ्या मजल्यावरचा. आमचं घर जुन्या शहरात, यहुदी वस्तीला लागून असलेल्या गल्लीत, आणि फ्रेहाचं घर आमच्या घराला पाठ लावून. दोन गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. फ्रेहाचा नवरा मखलूफ जरीचा दोरा वळायचा, माझे वडील खोगिरं शिवायचे, तो दोरा त्या खोगिरांवर जायचा, त्यामुळे पुरुषांचं दिवसभर भांडण आणि संध्याकाळी एकत्र चहा. बायकांचं नातं खमिराचं. वल्हांडणाचा सण जवळ आला की फ्रेहा घर खरवडून काढायची, कोपऱ्याकोपऱ्यात पावाचा चुरा शोधायची, कारण त्या आठवड्यात त्यांच्या घरात खमिराचा कणसुद्धा चालत नाही. आदल्या दिवशी ती खमिराचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची, यिम्माच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "यामना, हे तुझं. माझा ह्यात वाटा नाही." यिम्मा म्हणायची, "ठेवते हं, तुझी अमानत." की फ्रेहा चिडलीच! "अमानत म्हणू नकोस ग बाई, माझं आहे म्हण!" "बरं बाई, माझं," असं म्हणून यिम्मा, फ्रेहाची पाठ वळली की, मला डोळा मारायची. सण संपला की त्या संध्याकाळी, मिमूनाच्या संध्याकाळी, यिम्मा तबक घेऊन त्यांच्या दारात जायची. दूध, मध, लोणी, हिरव्या शेंगा, गव्हाच्या ओल्या ओंब्या, आणि मधोमध आठवडाभर आमच्या पिठावर जगवलेलं ते खमीर. आतून फ्रेहाचा आवाज यायचा, "आली का माझी सवत?" दार उघडलं की त्यांच्या घरातून तव्यावरच्या लोण्याचा वास बाहेर यायचा, आणि फ्रेहाची मुलगी तामो मला हाताला धरून आत ओढायची, जसं काही मी आठवडाभर परदेशी जाऊन आले होते.

आणि मग ते वर्ष. त्या वर्षी मिमूनाला दार उघडलं नाही. यिम्मा तबक घेऊन उभी होती, मी तिच्या झग्याला धरून. तिने कडी वाजवली, मग हाताने दार बडवलं, मग भर गल्लीत ओरडली, "फ्रेहा! ए फ्रेहा! झोपलात की काय सगळे? दूध निवलं!" माझी आई गल्लीत कधी आवाज चढवत नसे. भट्टीवाला बाहेर आला, समोरची म्हातारी खिडकीत आली, कोपऱ्यावर बसणारा मुकादम, जो वस्तीत कोण आलं कोण गेलं ह्याची खबर वर पोचवायचा, तोही मान लांब करून बघायला लागला. "अग, मखलूफला ताप होता ना," यिम्मा त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी माझ्यावर खेकसली, "झोपले असतील बिचारे. चल, सकाळी येऊ." आम्ही तबक परत आणलं. सकाळी पुन्हा गेलो. दोनतीन दिवसांनी दार फोडलं तेव्हा घरात भांडीकुंडी जिथल्या तिथे होती आणि माणसं नव्हती. गेले, असं सगळे म्हणाले. समुद्रापलीकडे. तेव्हा कितीतरी जात होते, एकेक गल्ली अशी रिकामी होत होती, पण ते दुसऱ्यांच्या बाबतीत. मी गच्चीवरच्या भिंतीवर पोट टाकून तामोला हाका मारत राहिले. रडून रडून मला ताप भरला, तेव्हा यिम्मा ते निळं भांडं घेऊन माझ्या अंथरुणाशी आली, फडकं बाजूला करून म्हणाली, "हे बघ. त्यांचं खमीर आपल्याकडे आहे. अमानत आहे. अमानत ठेवून कोणी कायमचं जातं का?"

त्या एका वाक्यावर मी म्हातारी झाले. हसायचं असेल तर हसा. लग्न झालं, सासरी जाताना माझ्या सामानात खमिराचं भांडं नव्हतं, पण यिम्मा गेल्यावर मी ते घेऊन आले. फडक्याखाली ते झोपलेल्या माणसासारखं हलायचं, श्वास घ्यायचं. पहाटे स्वयंपाकघरात आले की आधी त्याचा वास घ्यायचा. आंबट, गोडसर, जरासा तामोच्या मानेचा. ह्या नव्या घरातसुद्धा, जिथे स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे फक्त मोकळा चौक आहे आणि त्यात पारवे, मला भिंतीपलीकडे ती माणसं असल्याची जाणीव असायची. फ्रेहा खलबत्त्यात काही कुटते आहे, मखलूफ खाकरतो आहे. तामो काही करत नाही, नुसती आहे, अजून तेवढीच, दोन वेण्यांची. मी मुलांना हे कधी सांगितलं नाही. आईचं डोकं फिरलं म्हणायला त्यांना निमित्त पुरतं. पण दर मिमूनाच्या संध्याकाळी मी घराचं दार किलकिलं ठेवते. यिम्माही ठेवायची. आजवर त्यातून शेजाऱ्यांचं मांजर तेवढं आत आलं. त्यांचं पत्र नाही, निरोप नाही. मला त्याचं दुःख होतं, राग होता, आणि एका गोष्टीवर तो राग दर वेळी विझायचा: ते ठरवून गेले नाहीत. काहीतरी झालं, घाईने निघावं लागलं, परत यायचं होतं. ठरवून जायचं असतं तर खमीर कशाला ठेवलं असतं? आणि तामोला माहीत असतं तर तिने मला सांगितलं असतं. सांगितल्यावाचून ती राहिलीच नसती. सणाच्या आदल्याच दिवशी आम्ही दोघी यिम्मापुढे तळवे पसरून बसलो होतो, यिम्माने दोघींना मेंदी लावली होती, आणि तामो ओली मेंदी माझ्या गालाला लावायला बघत खिदळत होती. जाणारी मुलगी अशी खिदळते का? तर हे सगळं त्या भांड्यात होतं. नवालने फेकलं ते नुसतं आंबलेलं पीठ नव्हतं.

आणि दिवसही कोणता! वल्हांडणाचा शेवटचा. आज संध्याकाळी मिमूना. खालच्या रस्त्यावर संत्र्याच्या झाडांना फुलं लागली की मला कॅलेंडर लागत नाही. दुपार मी अंथरुणावर डोळे मिटून काढली आणि मिटल्या डोळ्यांपुढे यिम्मा उभी. नुसती भांड्यात बघत होती, जशी मरणापूर्वी बघायची, आणि विचारायची, "दार उघडं आहे ना?" शेवटी मी उठले, भांडं पिशवीत घातलं आणि नवालला म्हटलं, जरा मादाम पेर्लाकडे जाऊन येते. ती म्हणाली, मी सोबत येऊ? मी म्हटलं, डोळे नवे केलेत, पाय जुनेच आहेत, रस्ता माहीत आहे त्यांना.

मादाम पेर्ला औषधाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर राहतात. ह्या शहरात आता बोटांवर मोजण्याइतके यहुदी उरलेत, आणि त्यांतल्या चालत्याबोलत्या ह्या एक. म्हणजे चालत्या नाहीतच, बोलत्या. नव्वदीला टेकल्यात. मुलगा माँट्रियलला, मुलगी मार्से शहरात, दोघंही दरवर्षी न्यायला येतात आणि दरवर्षी बाई भांडून त्यांना परत पाठवतात. अर्ध्या अंधारात खुर्चीत बसल्या होत्या, दार नेहमीसारखं लोटलेलं. मला बघून आधी त्यांनी पिशवी बघितली.

"काय आणलंस?"

"भांडं आहे."

"कसलं?"

"खमिराचं. पण रिकामं आहे, धुतलेलं."

"धुतलेलं म्हणे! इतकी वर्षं आमच्यात राहून एवढंच शिकलीस? बाहेर ठेव ते. तारे दिसू देत, सण संपू दे, मग बघू."

मी भांडं जिन्यात, पायरीवर ठेवलं आणि आत येऊन बसले. पण जीव लागेना. कोणाला तरी बाहेर उभं करून आपण आत येऊन बसलोय असं वाटत राहिलं. मी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना मला रडू फुटलं. डॉक्टरांनी रडूही नका म्हणून सांगितलं होतं.

"आता तुमच्यात ह्याला काय करतात ते सांगा," मी म्हटलं. "दान असेल, उपास असेल. ज्यांची अमानत ते तर भेटणार नाहीत, निदान त्यांच्या माणसाला तोंडाने सांगावं म्हणून आले."

"मी त्यांची माणूस?" मादाम पेर्ला ताठ बसल्या. "मखलूफ दोरेवाला सेफ्रू गावचा. माझ्या बापाने त्या लोकांत कोंबडीसुद्धा दिली नसती." मग माझ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "अमानत कोण म्हणालं तुला?"

"यिम्मा."

"तिला तसं वाटत असेल. तुमच्यात अमानत मोठी गोष्ट. पण आमच्यात, बतूल, ती अमानत असून चालतच नाही. सणात खमीर माझ्या घरात नसून भागत नाही, ते माझं असताच कामा नये. तुझ्या कपाटात ठेवलं आणि मनात म्हटलं, आहे माझंच, की बुडालाच माझा सण. द्यायचं म्हणजे देऊन टाकायचं, मनापासून. शेजारणीने परत आणलं तर तिची मेहेरबानी. नाही आणलं तर तोंडातून ब्र काढायचा नाही."

"पण यिम्मा तर दरवर्षी परत..."

"परत नाही. तिचं होतं, तिने दिलं. दरवर्षी नव्याने दिलं. तुझी आई दिलदार होती एवढंच." त्या हसल्या. "मग आता रडतेस कशाला? दुसऱ्याचं काही हरवलेलं नाहीस तू. तुझंच होतं, तुझ्या सुनेने फेकलं. घरातला मामला."

त्यांना वाटलं, त्यांनी माझ्या छातीवरचा धोंडा उचलला. मला मात्र पायाखालची फरशी सरकल्यासारखं झालं. म्हणजे फ्रेहा चिडायची ते नाटक नव्हतं. ती खरंच सांगत होती, माझा ह्यात वाटा नाही. मग ज्यात तिचा वाटाच नव्हता, ते मी कोणासाठी जगवत होते? त्या खमिरापायी ती परत येणार होती असं मी धरून चालले, आणि तिने तर कधीच हात झटकले होते. माझी एका जन्माची साक्ष ह्या बाईने चार वाक्यांत खोटी ठरवली. मला त्यांचा राग आला. त्यांच्या सगळ्या नियमांचा राग आला. काय ती देण्याची रीत, की देताना आशासुद्धा ठेवायची नाही! आम्ही आपले एकेक गोष्ट छातीशी धरून बसतो, दुसऱ्याची म्हणून जास्तच. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहून एका गोळ्याकडे आम्ही किती निराळं बघत होतो, आणि तरी दर संध्याकाळी गच्चीवर गप्पा कशा काय चालल्या होत्या, कोण जाणे.

"डोळे नवे आहेत ना तुझे?" मादाम पेर्ला म्हणाल्या. "खिडकीतून बघ जरा. मला तर विमानं आणि तारे सारखेच."

मी पडदा सारला. आकाश अजून निळंच होतं, भांड्यासारखं, आणि त्यात तारे इतके टोकदार दिसले की डोळा दुखला. "दिसले," मी म्हटलं, "तीन. चार."

"तीन पुरेत. लाव दिवा. आण आता तुझं ते भांडं."

त्यांनी ते मांडीवर घेतलं. सुरकुतलेलं बोट काठावरून फिरवलं, जिथे टवका उडालाय तिथे थांबवलं, पुन्हा फिरवलं.

"हे तुमच्या घरचं?"

"फ्रेहाचं. त्या वर्षी तिने ह्यातच घालून दिलं. एरवी फडक्यात आणायची."

"भांड्यासकट दिलं?"

"हो."

"खमीर देतात, बतूल," त्या हळू म्हणाल्या. "भांडं कोणी देत नाही. खमिराची भांडी आम्ही माळ्यावर टाकतो, वर चादर घालतो. सण झाला की उतरवतो. पुन्हा मळायला लागतातच ना."

"मग तिने का दिलं?"

मला दार दिसत होतं, आमचं जुनं दार, आणि दारात फ्रेहा, दोन्ही हातांत हे भांडं. एवढीशी मी आमच्या जिन्यात बसले होते आणि मला दोघींचे चेहरे दिसत होते. त्या दिवशी तर मी हे पाहिलं होतं! फ्रेहा म्हणाली, "यामना, हे तुझं. माझा ह्यात वाटा नाही." यिम्माने भांडं बघितलं. भांडं घेतलंही नाही लगेच, नुसती बघत राहिली. मग घेतलं आणि म्हणाली, "बरं. माझं." अमानत म्हणाली नाही. फ्रेहाला चिडवलं नाही. फ्रेहाची पाठ वळली तेव्हा मी वाट बघत होते, पण यिम्माने मला डोळा मारला नाही. ती आत गेली आणि मेंदी कालवायला लागली. वल्हांडणाला कोणी मेंदी लावत नाही, आमच्यातही नाही, त्यांच्यातही नाही. मेंदी मुलगी घरातून निघताना लावतात. यिम्माने तामोचे हात हातात घेतले, आणि रेघा काढता काढता तिचं नाक गळत होतं. मी विचारलं तर म्हणाली, कांदा. मेंदीत कांदा! एवढीही अक्कल मला आली नाही.

आणि तो आठवडाच किती नेमका निवडलेला. त्या आठवड्यात आम्ही त्यांच्या उंबऱ्यात पाऊल टाकत नसू, आमच्या कपड्यांना पावाचा चुरा असायचा. दार बंद दिसलं तर कोणाला नवल वाटणार नव्हतं. मी गच्चीवरून तामोला हाका मारल्या, उत्तर आलं नाही, तेव्हा यिम्मा म्हणाली, सणात आहेत ग, त्रास देऊ नकोस. मखलूफला ताप आहे ही बातमी गल्लीत कोणी पसरवली? यिम्मानेच. रोज सकाळी त्यांच्या दारापुढे झाडत कोण होतं? आणि शेवटी ते तबक, ते दार बडवणं, ती कधी न चढवलेल्या आवाजातली आरोळी, मुकादमाला ऐकू जाईल अशी. आतमध्ये कोणी नाही हे माहीत असताना माझी आई रिकाम्या घराला हाका मारत होती. अजून एक रात्र मिळावी त्यांना, म्हणून. मी तिच्या झग्याला धरून उभी होते आणि मला वाटत होतं की दार आता उघडेल.

"तिला माहीत होतं," मी म्हटलं. "यिम्माला सगळं माहीत होतं. मरेपर्यंत बोलली नाही. मला अमानत म्हणून सांगत राहिली."

"मग काय सांगायला हवं होतं? त्या दिवसांत देश सोडायला बंदी होती, बंदरावरून माणसं पकडून परत आणत होते. एका पोरीच्या तोंडून गल्लीत गेलं असतं तर?"

"मी सांगितलं नसतं."

"एवढीशी पोर होतीस."

"आणि नंतर? नंतर मी काय एवढीशीच राहिले? मला नातवंडं झाली, मादाम पेर्ला! दर वर्षी दार उघडं ठेवायची ती. कोणासाठी ठेवायची मग?"

"तुझ्यासाठी असेल. तू बघत होतीस ना दाराकडे." त्यांनी भांडं खाली ठेवलं. "किंवा तिच्यासाठीच. माहीत असलं म्हणून माणूस वाट बघायचा थांबतो का?"

एक गोष्ट विचारायची नव्हती आणि तीच तोंडातून आली. "म्हणजे तामोलाही माहीत होतं. मेंदी लावताना हसत होती ती."

मादाम पेर्ला माझ्याकडे बघत राहिल्या. दिव्याच्या उजेडात मला त्यांच्या डोळ्यांतली पांढरी कड स्वच्छ दिसत होती. "तुला नाही सांगितलं," त्या म्हणाल्या, "मग तिला कोणी सांगितलं असेल असं तुला का वाटतं?"

मोठ्यांनी ठरवलं असेल आणि पोरीला कळू दिलं नसेल, हे मला सुचलंच नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. मी तिला सतत जाणाऱ्यांत धरलं होतं. मुलीला उठवलं असेल, झग्यावर झगा चढवला असेल, गप्प राहा म्हणून तोंडावर हात ठेवला असेल, आणि ट्रकच्या टपाखाली बसून ती विचारत असेल, मिमूनाला बतूलकडे पोचू ना आपण? मेंदी अजून हातावर लाल असेल. आणि तिलाही कोणीतरी काहीतरी सांगितलं असेल, जे ती अजून धरून बसली असेल, कुठल्यातरी शहरात, कुठल्यातरी चौथ्या मजल्यावर. मला तिची इतकी दया आली की माझी स्वतःची यायची राहिली.

"ऊठ आता," मादाम पेर्ला म्हणाल्या. "खालून पीठ आण, मध आण, लोणी आहे. मिमूना आहे आणि माझ्या घरात सुकी बिनखमिराची पोळीच उरली आहे. दरवर्षी मुलगा फोन करतो आणि म्हणतो, आई, दार उघडं ठेव. कोण येणार ते सांगत नाही गाढव."

मी पीठ आणलं. दुकानदार म्हणाला, लल्ला बतूल, आज घाईत? मी म्हटलं, हो, पाहुणे आहेत. डॉक्टरांची मनातल्या मनात माफी मागून मी त्या निळ्या भांड्यात कणीक मळली. खमिरावाचून. मिमूनाच्या पातळ पोळ्यांना ते लागतच नाही, त्या रात्री यहुदी घरात खमीर असणार कुठून? मादाम पेर्लांनी खुर्चीत बसूनच तेलाच्या हाताने गोळे दाबून दाबून पातळ केले, पलीकडचं दिसेल इतके, आणि मी तव्यावर एकावर एक चढवले. लोणी वितळलं आणि तो वास सुटला. मी तव्यापुढे डोळे मिटून उभी राहिले. आली का माझी सवत, असं आतून कोणी म्हणेल का, म्हणून ऐकत राहिले. मादाम पेर्ला म्हणाल्या, "जळतेय."

आम्ही खाल्लं. मध हनुवटीवर आला. त्यांनी मार्सेच्या मुलीच्या नवऱ्याची नक्कल करून दाखवली आणि मी हसले, खरंच हसले. निघताना मी भांडं धुवायला घेतलं तर त्यांनी हात धरला. भांड्याच्या तळाशी मूठभर कणीक उरली होती.

"असू दे ती. रिकामं भांडं घेऊन दाराबाहेर जातात का? उघड्यावर ठेव, रोज चिमूटभर पीठ घाल. आंबेल आपोआप. पहिलं खमीर कोणीतरी असंच केलं असणार."

"हे तुमचं," मी म्हटलं. "तुमच्या घरात मळलेलं. पुढच्या मिमूनाला घेऊन येते."

"बतूल!" त्यांनी बोट उगारलं, अगदी फ्रेहासारखं. "मी दिलं. पुढच्या वर्षी तुला आणावंसं वाटलं तर आण. मी असले तर खाईन. आता जा, सून वाट बघत असेल."

घरी पोचले तर आमचं दार किलकिलं होतं. मी ठेवलं नव्हतं. आत नवाल टेबलाशी बसली होती आणि तिच्यापुढे बशीत दुकानातल्या खमिराच्या पुड्या ओळीने मांडलेल्या होत्या, दुधाची बाटली होती आणि मधाची नवी बरणी. ती उठून उभी राहिली. "तुम्ही दर वर्षी ठेवता ना दार," ती म्हणाली, "म्हणून ठेवलं. मांजर येऊन गेलं."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडं ओट्यावर, भिंतीलगत, नेहमीच्या जागी ठेवलं. आत बघितलं. कणीक तळाशी निपचित होती, तिला अजून कसलाच वास नव्हता. भिंतीपलीकडे फ्रेहा काही कुटत होती ती थांबली, ऐकत असल्यासारखी. नवाल माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"टाकायचं नाही हं हे," मी म्हटलं.

"नाही टाकत. पण हे कोणाचं, लल्ला?"

ओठांवर जुनंच नाव आलं होतं. मी ते गिळलं. "माझं," मी म्हटलं, आणि भिंतीपलीकडच्या माणसांनी आपलं आपलं गाठोडं उचललं, तामोला उठवलं, आणि ती सगळी निघून गेली.